आयोवात टपालानं मत चालत नाही

शारजा,
शुक्रवार, २८ नोव्हेंबर २००३

चि. मैथिलीस,
अनेक आशीर्वाद.

'चि.' लिहून पेन जरा अडखळलं. पुढे 'सौ.' लिहावं तर खोटं, न लिहावं तर हात आखडल्यासारखं वाटतं. शेवटी नुसतं 'चि.' ठेवलं. चिरंजीव तर तू आहेसच, त्याला कोणाच्या सहीची गरज नाही.

मी ठीक आहे. गुडघे आपल्या जागी आहेत आणि त्यांची कुरकुरही. इथे आता हवा सुखाची झाली आहे. एसी बंद करून खिडक्या उघडल्या की माणसात आल्यासारखं वाटतं. मंगळवारी ईद झाली. शेजारच्या हमीदाकडून शीरखुर्म्याचं पातेलं आलं. ती रत्नागिरीकडची, नवऱ्याचं इथल्या औद्योगिक भागात गॅरेज आहे. पातेलं रिकामं परत देऊ नये म्हणून मी त्यात बेसनाचे लाडू घालून दिले. सुदेश सकाळी सहाला जेबेल अलीला कामावर जातो तो दिवेलागणीनंतर येतो. अर्धा जन्म त्याचा गाडीत चालला आहे.

तर वर्ष उलटलं मी इकडे आल्याला, आणि तुला एक ओळ लिहिली नाही. ईश्वरी रविवारी बापाला फोन करते, मग दोन मिनिटं मला मिळतात. 'आई कशी आहे गं?' म्हटलं की 'मॉम इज फाइन, आजी.' एवढ्यावर मी आठवडा काढते. पण मागच्या रविवारी मी वेगळं विचारलं. म्हटलं, यंदा तुझी आई कोणाकडून? तर म्हणते, 'मॉम इज अनडिसायडेड.'

मैथिली, माझ्या हातातली गवार हातातच राहिली. मत द्यायची कॉकसची सभा जानेवारीच्या एकोणीस तारखेला, आणि तुझं ठरलेलं नाही? तुला कल्पना आहे का तू काय चीज आहेस ते? आयोवातल्या अनडिसायडेड माणसाला सध्या जावयाचा मान. आठ-नऊ जण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेत आणि तुझ्यासारखीच्या दारात चपला काढून उभे आहेत. आणि मी इथे वाळवंटात बसून, ठरलेलं मत पदरात बांधून, करू काय? सीएनएनला सांगू?

म्हणून हे पत्र. राजकारणावर भांडायला इथे माणूस नाही. सुदेशला विचारलं तर म्हणतो, 'आई, सगळे सारखेच.' सगळे सारखे कसे असतील? एका डब्यात ठेवली म्हणून हळद आणि तिखट सारखं होत नाही.

माझं मत डॉक्टर डीनला. एक तर तो डॉक्टर आहे. रोग्याला 'काही झालेलं नाही' असं सांगून घरी पाठवणारा नाही. व्हरमाँटमध्ये गव्हर्नर असताना पोराबाळांच्या औषधपाण्याची सोय त्यानं केली. दोन पुरुषांना, दोन बायकांना कायद्यानं संसार मांडता यावा म्हणून सही केली, तेव्हा लोकांनी काय काय शिव्या घातल्या. तरी केली. आणि इराकच्या लढाईला तो पहिल्यापासून नाही म्हणाला. केरी हुशार आहे, स्वतः लढाई बघून आलेला आहे, पण मत दिलं बाजूनं आणि आता बोलतो विरोधात. अशा माणसाला आमच्याकडे लग्नाचा मध्यस्थ करत नाहीत. एडवर्ड्स गोड बोलतो. गिरणीत राबणाऱ्या बापाचा मुलगा, ते मला आवडतं. पण तोही लढाईच्या बाजूनंच हात वर करून बसला.

तुम्हाला तिथे लढाई टीव्हीवर दिसते. आम्हाला ती शेजारघरी आहे. मार्चमध्ये इथल्या बायकांनी तांदळाची पोती भरून ठेवली होती. परवा सुदेशनं मला दुबईत एका मॉलमध्ये नेलं. तिथे आपल्या अमेरिकन नेव्हीची पोरं फिरत होती, बोटीवरून सुट्टीला उतरलेली. केस बारीक कापलेले, ओठावर धड मिशी नाही. एक जण बहिणीसाठी उंटाची बाहुली घेत होता. भाव करता येईना, म्हणून मी मध्ये पडले. मी आयोवातल्या एम्स गावची म्हटल्यावर बघतच राहिला. म्हणाला, 'मॅम, यू आर अ लाँग वे फ्रॉम होम.' मी म्हटलं, 'यू टू.' ज्यांनी हात वर केले त्यांनी त्या मुलाला बाहुली घेताना बघायला हवं होतं.

असो. दोन हजार सालच्या कॉकसला आपण दोघी त्या शाळेच्या जेवणघरात समोरासमोर उभ्या होतो, आठवतं का? तू गोरच्या कोपऱ्यात, मी ब्रॅडलीच्या. मी तुला खुणा करत होते आणि तू मान हलवत होतीस. तो कोपऱ्यावरच्या घरातला म्हातारा म्हणाला, 'या दोघी एकाच घरी जेवतात?' आणि परत येताना गाडीत आपण दोघी रुसलेल्या, आणि ईश्वरी मागे बसून आपल्याला हसत होती.

उत्तर लिहायलाच हवं असं नाही. पण डीनचा विचार कर.

ईश्वरीची आजी,
प्रमिला

&nbsp;

शारजा,
शनिवार, २० डिसेंबर २००३

चि. मैथिलीस,
आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. आत पेपरातलं कात्रण आणि कडेला तुझ्या अक्षरात एक ओळ: 'तुमचा डॉक्टर फार चिडतो.' मी ते कात्रण फ्रिजवर लावलंय. सुदेशनं येता-जाता वाचलं. तुझं अक्षर ओळखलं असणार. पाणी पिऊन गेला.

चिडतो, कबूल. पण घरात धूर झाल्यावर जो ओरडत नाही, तो शांत म्हणायचा की झोपलेला? आता सद्दाम सापडला. इथे त्या दिवशी रस्त्यांवर सामसूम होती, सगळे टीव्हीपुढे. हमीदाचा नवरा नूरुद्दीन नव्वद साली कुवेतमध्ये होता. त्या माणसानं फौज आत घातली आणि नूरुद्दीनचं दुकान, सामान सगळं तिथेच राहिलं. मला वाटलं हा पेढे वाटेल. तर टीव्ही बघून नुसतं 'खलास' म्हणाला आणि नमाजाला गेला. दुसऱ्या दिवशी डीन म्हणाला की त्याला पकडल्यानं अमेरिका काही जास्त सुरक्षित झालेली नाही. सगळे त्याच्यावर तुटून पडले. हात दाखवून अवलक्षण, असं खालच्या मजल्यावरची कावेरीसुद्धा म्हणाली. मला मात्र वाटलं, जत्रेत सगळे नाचत असताना 'पोरं अजून घरी आली नाहीत' असं म्हणणारा एक तरी हवा. आणि आता तर तुझा अल गोरही डीनच्या बाजूनं उभा राहिला. अजून अनडिसायडेड?

आता खरी गंमत ऐक. परवा मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. उद्यापनाला बायका बोलावल्या होत्या. ही कावेरी सोलापूरची, तिनं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं की प्रमिलाबाई अमेरिकेत मत देतात. आरती झाली, फळं वाटून झाली, तर तिनं विषय काढला. 'तुमच्याकडे म्हणे मत द्यायला कोपऱ्यात उभं राहतात? शाळेत शिक्षा केल्यासारखं?'

इथे कोणाला मत देता येत नाही. आपल्या देशात नाव आहे तर जायला रजा नाही, आणि या देशात प्रश्नच नाही. म्हटलं चला, आज देवीसमोर देऊ. सुदेशनं मला दहादा बजावलंय, 'आई, इथे सभा-बिभा नको, व्हिसाचा प्रश्न येतो.' पण पूजेला कोण सभा म्हणतं?

तर फ्रिजपाशी डीन, सोफ्यापाशी केरी, टीव्हीपाशी एडवर्ड्स, बाल्कनीच्या दाराशी गेफर्ट, आणि चपलांच्या रॅकपाशी कुसिनिच. कोण काय म्हणतो ते मी सगळ्यांचं प्रामाणिकपणे सांगितलं, कुसिनिच दूधतूपही खात नाही हेसुद्धा. नियम सांगितला. चिठ्ठी नाही, पडदा नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर उभं राहायचं. ज्या कोपऱ्यात शंभरात पंधरा माणसंही नाहीत तो कोपरा मोडला. मग त्यातल्यांनी दुसरीकडे जायचं, आणि बाकीच्यांनी त्यांना गोड बोलून बोलवायचं. आम्ही तेरा जणी होतो, म्हणजे एकटीचा कोपरा टिकत नाही.

म्हटलं, चला, यल्ला. आणि सगळ्याच्या सगळ्या फ्रिजपाशी येऊन उभ्या.

मला आनंदानं भरून आलं. कावेरीला विचारलं, काय पटलं गं डीनचं? तर म्हणते, 'पटायचं काय त्यात? तुम्ही इथे उभ्या आहात ना. ज्या घरचा प्रसाद घेतला त्या यजमानीणबाईंच्या विरोधात उभं राहायचं, बरं दिसतं का?'

घ्या. अशी आमची लोकशाही. मग मी स्वयंपाकघरात गेले, दार लावून घेतलं आणि आतून ओरडले, 'मी नाही असं समजा आणि उभ्या राहा.' बाहेर जी खसखस पिकली ती पिकली. दार उघडून बघते तर अर्ध्याअधिक एडवर्ड्सकडे. कावेरी म्हणाली, 'माझे वडील गिरणीत होते, मी दुसरीकडे कशी जाऊ?' दोघी डीनकडे, दोघी केरीकडे. आणि हमीदा एकटी, चपलांच्या रॅकपाशी.

तेवढ्यात सुदेश आला. दारातच थबकला. 'आई, हे काय चाललंय?'

कावेरी म्हणाली, 'इलेक्शन, भाऊजी. तुम्ही कोणाकडे?'

'मी चहाकडे,' म्हणून तो आत गेला. पण स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सगळं बघत होता.

मग हमीदाला बोलावणं सुरू झालं. ही म्हणते आमच्याकडे ये, ती म्हणते तुझा कुसिनिच काय निवडून येणार आहे? हमीदा हलेना. 'तो एकटाच सरळ बोलतो, लढाई नको म्हणून. बाकीचे पुढे "पण" जोडतात.' मी म्हटलं, हमीदा, कोपरा मोडला गं. आता कुठेतरी जायलाच हवं. ती पदर सावरून म्हणाली, 'जाते की. पण नंतर सगळ्यांना सांगताना काय सांगाल, हमीदा आली म्हणून, का हमीदाला आणली म्हणून? आणायची असेल तर मी इथेच बरी.'

सगळ्या हसल्या. मग ती आपल्या पायांनी चालत डीनच्या कोपऱ्यात आली, माझा हात धरून म्हणाली, 'आले हां. लिहून ठेवा.' टाळ्या वाजल्या.

मी टाळ्या वाजवल्या खऱ्या, पण माझं मन तिथे राहिलं नाही.

मैथिली, तुम्हा दोघांचं फिस्कटलं तेव्हा घर तुझ्याकडे राहिलं, गाडी सुदेशकडे, ईश्वरीची शाळा म्हणून ती तुझ्याकडे. या सगळ्यावर बोलणी झाली. माझ्याबद्दल बोलणी झाली नाहीत. आई मुलाबरोबर जायची, त्यात विचारायचं काय? तूही विचारलं नाहीस, त्यानंही नाही, आणि मीही बॅगा भरायला घेतल्या. तुम्हा कोणाला दोष देत नाही. रीतच तशी, आपल्या सगळ्यांच्या हाडात भिनलेली. सुदेश मला फुलासारखं जपतो. गेल्या महिन्यात माझ्यासाठी मऊ गादी आणली. लेकी बोले सुने लागे असा प्रकार नाही हा. पण शारजात मी आले नाही, मला आणलं.

चौथी शिकून आलेली बाई मी. एम्सच्या लायब्ररीत, ईश्वरीच्या गोष्टींच्या पुस्तकातून इंग्रजी वाचायला शिकले. नागरिकत्वाची परीक्षा तू माझ्याकडून घोकून घेतलीस, पोळ्या लाटता लाटता. त्या शाळेच्या जेवणघरात मला पहिल्यांदा कोणी विचारलं की तुमचं काय म्हणणं आहे. तिथे माझं कुंकू नसलेलं कपाळ कोणी बघितलं नाही, पत्ता बघितला.

आता मुद्द्याचं. आयोवात टपालानं मत चालत नाही. माणूसच जावा लागतो, आणि तो तिथे राहणारा लागतो. पाहुणी चालत नाही. मी खोटं बोलून त्या कोपऱ्यात उभी राहणार नाही. म्हणजे मी आले तर एका संध्याकाळपुरती येणार नाही. राहायला येईन. त्या घरात, तुझ्याबरोबर.

चालेल का?

तुला सासू म्हणून ओझं नको असेल तर तसं सरळ सांग. कात्रणाच्या कडेला लिहिलंस तरी पुरे. मी रागावणार नाही. आणि नाही म्हणालीस तरी डीनकडे उभी राहा, त्यात माझा राग आणू नकोस.

उत्तर येईपर्यंत कोणत्याच कोपऱ्यात नसलेली,
प्रमिला

&nbsp;

शारजा,
गुरुवार, ८ जानेवारी २००४

चि. मैथिली,

आशीर्वाद-बिशीर्वाद समोर आल्यावर देईन. मंगळवारचं विमान आहे. हे पत्र आधी पोचतं की मी, बघू. पैज लावायची तर माझ्यावर लाव.

आधी बातमी. बिल ब्रॅडलीनं डीनला पाठिंबा दिला. ऐकलंस ना? तुझा गोर आणि माझा ब्रॅडली, ज्यांच्यापायी आपण गाडीत रुसून बसलो होतो, दोघे एकाच कोपऱ्यात. मी सीएनएन लावून एकटीच टाळ्या वाजवल्या. हमीदा भिंतीपलीकडून धावत आली, म्हणाली, 'झाला काय तुमचा डॉक्टर?' म्हटलं, अजून नाही, इन्शाल्ला. तिनं बर्फात घालायला लोकरीचे मोजे विणून दिलेत, भगवे. कावेरीनं शेंगदाण्याची चटणी दिली आहे, एडवर्ड्सच्या लोकांना वाटायला. मी कस्टमला काय सांगू?

तू फोन केलास तेव्हा मी 'हो', 'बरं', 'बरं बरं' याच्यापलीकडे फारसं बोललेच नाही. तुला वाटलं असेल म्हातारीला ऐकू येत नाही. सुदेश समोर बसला होता. टीव्हीचा आवाज त्यानं मुद्दाम कमी केला नव्हता, पण बघतही नव्हता. म्हणून जे बोलता आलं नाही ते लिहिते.

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, 'काय म्हणाली?'

म्हटलं, 'कॉकसला ये म्हणाली.'

'आई, एका सभेसाठी तू अर्धी पृथ्वी ओलांडणार? जानेवारीत? तिथे बर्फ किती असतो माहिती आहे ना?'

'बर्फ माझ्या ओळखीचा आहे,' मी म्हटलं. 'इथल्या वाळूशीच माझी अजून ओळख झाली नाही.'

 मी मटार सोलत होते. त्यानंही एक मूठ घेतली. लहानपणी सोलायचा तसा, निम्मे दाणे तोंडात. मग विचारलं, 'परत कधीचं तिकीट काढू?'

मी शेंगाच बघत राहिले, गं. काय सांगू त्याला? की बाबा रे, तू काही कमी केलं नाहीस? की गादी फार मऊ आहे? शेवटी म्हटलं, 'सुदेश, मी तुझ्यावर रुसून चाललेली नाही.'

'माहिती आहे,' तो म्हणाला. 'त्या दिवशी मी दारात होतो, आई. हमीदाबाई बोलल्या तेव्हा मी तुझ्याचकडे बघत होतो.'

मग उठला, एजंटला फोन लावला. एकोणीस तारखेच्या आत पोचायला हवं, खिडकीची जागा, व्हीलचेअर सांगा, असं सगळं हिंदीत सांगितलं. पलीकडच्यानं परतीची तारीख विचारली असावी. सुदेश माझ्याकडे न बघता म्हणाला, 'ओपन रखो.' आणि फोन ठेवून मला विचारलं, 'तो डीन खरंच चांगला आहे का?' मी त्याला जेवणापर्यंत डीन सांगितला. पहिल्यांदा पुरतं ऐकून घेतलंन पोरानं. म्हणाला, त्याचं तिथलं मत अजून शाबूत असेल तर नोव्हेंबरची मतपत्रिका तो टपालानं मागवणार आहे. बघ, एक मत तर मी इथेच मिळवलं.

येत्या उन्हाळ्यात ईश्वरीला त्याच्याकडे पाठवशील ना? ते तुम्ही दोघं ठरवा, मी मध्ये बोलणार नाही. बोललेच तर एकदाच बोलेन.

हे बघ, मी डीनसाठी घरोघरी फिरणार आहे. बर्फात गुडघ्यांनी साथ दिली नाही तर फोनवर बसेन. माझं इंग्रजी ऐकून लोक फोन ठेवत नाहीत, त्यांना वाटतं कोणी दूरची नातेवाईक बोलते आहे. तू केरीकडे झुकते आहेस हे मला फोनवरच्या आवाजावरून कळलंय. झुक. त्या दिवशी जेवणघरात मी तुला पुन्हा खुणा करीन, तू पुन्हा मान हलव. डीनचा कोपरा मोडला तर मी काय करायचं ते तेव्हा बघू. मोडायचा नाही म्हणा. येताना गाडी एकच आहे आपली.

आता तू फोनवर शेवटी जे सांगितलंस ते. चालेल का, याचं उत्तर तू दिलंच नाहीस. तुझी सवय मला माहिती आहे, सरळ 'हो' म्हणायला तुला लाज वाटते. तू म्हणालीस की दाराशी रोज प्रचाराची पोरं येतात, डीनची, केरीची, गेफर्टच्या युनियनवाली, आणि तुझ्या आधी माझं नाव घेऊन विचारतात, 'इज प्रमिला होम?' मी विचारलं, मग तू काय सांगतेस? तू म्हणालीस, 'सांगते, गावाला गेल्यात.'

मी म्हटलं, 'कधीपासून सांगतेस असं?'

तू म्हणालीस, 'पहिला मुलगा आला तेव्हापासून. उन्हाळ्यापासून.'

उन्हाळ्यात मी तुला पत्रही लिहिलं नव्हतं, मैथिली.

त्यावर मी 'बरं' म्हणाले आणि फोन ठेवला. मला त्याहून मोठा शब्द सापडला नाही. अजूनही सापडत नाही. आता कोणी दार वाजवलं तर सांग, मंगळवारी निघतेय.

तुझी, गावाला गेलेली,
आई